बांध कोरायची सरकारी परवानगी

पेंटबॉल हा खेळ दिसायला दांडगा असला तरी नियमाने अगदी सरळ आहे. समोरच्यावर रंगाची गोळी झाडायची, ती फुटून डाग पडला की तो बाद. डाग गुपचूप पुसणे हा या खेळातला सर्वांत नीच गुन्हा समजला जातो आणि पंच त्यासाठी अख्ख्या संघाला शिक्षा करतात. या खेळाच्या बंदुका बनवणाऱ्या अमेरिकी आणि ब्रिटिश कंपन्या मात्र या शतकाच्या पहिल्या दशकात न्यायालयात निराळाच खेळ खेळत होत्या. तिथे गोळी आधी उडायची, समोरचा कुठे उभा आहे हे नंतर पाहायचे, आणि मग त्याच्या अंगावर बरोबर तिथेच डाग काढायचा, तोही मागची तारीख घालून. यात नियमभंग कुठेच नव्हता. सगळे कायद्याने चालले होते, आणि या सदराची तक्रार नेमकी तीच आहे.

या खेळाचा जन्म पाहिला तर पेटंटाची गरज कोणाला भासली होती असे दिसत नाही. २७ जून १९८१ रोजी न्यू हॅम्पशायरमधल्या हेनिकर गावाजवळच्या रानात बारा जण खेळायला उतरले. चार्ल्स गेन्स हा लेखक, हेज नोएल हा शेअर दलाल आणि क्रीडासाहित्याचे दुकान चालवणारा बॉब गर्नसी, अशा तिघांनी हा घाट घातला होता. हातात होते नेलस्पॉट ००७ नावाचे पिस्तूल. डेझी कंपनीने ते नेल्सन या रंगाच्या कंपनीसाठी बनवले होते आणि त्याचे काम होते तोडायच्या झाडांवर आणि कळपातल्या गुरांवर दुरून खूण करणे. ज्याने हे यंत्र घडवले त्या डेझीच्या जेम्स हेल यांना १९७४ मध्ये त्याचे पेटंट मिळाले होते आणि ते मिळायलाच हवे होते. त्या दिवशी जिंकला रिची व्हाइट नावाचा एक वनकर्मी. त्याने सगळे झेंडे गोळा केले आणि शेवटपर्यंत एकही गोळी झाडली नाही. गोळीचे म्हणाल तर ती औषधाच्या जिलेटिन कॅप्सूलचीच मोठी बहीण. तीच यंत्रे, तेच कवच. पुढे आत तेलकट रंगाऐवजी पाण्याने धुतला जाणारा रंग आला आणि त्याचा मुख्य घटक झाला पॉलिइथिलीन ग्लायकॉल, जो बद्धकोष्ठाच्या औषधातही असतो. थोडक्यात, गुराख्याचे पिस्तूल आणि औषधवाल्याची गोळी एकत्र करून हा उद्योग उभा राहिला. पुढची काही वर्षे सुधारणा होत गेल्या त्या खेळाडूंच्या गॅरेजमध्ये. नळदुरुस्तीच्या दुकानातली पीव्हीसीची एल्बो बंदुकीवर चढवली की गोळ्या आपल्या वजनाने खाली येतात, हे कोणा एकाच्या लक्षात आले आणि पुढच्या हंगामात सगळ्यांच्या बंदुकांवर एल्बो दिसू लागल्या.

वीज आली तेव्हा भांडण आले. जुन्या बंदुकीत चाप ओढला की अडकवलेला घोडा सुटतो, स्प्रिंगच्या जोराने व्हॉल्व्हवर आदळतो, वायू सुटतो आणि गोळी सेकंदाला ३०० फुटांच्या आतबाहेर वेगाने निघते. ही सगळी कसरत बोटाच्या ताकदीवर चालते, म्हणून चाप जड असतो. इलेक्ट्रॉनिक बंदुकीत चापामागे एक छोटा स्विच असतो. त्याला बोट नुसते टेकले की सर्किट बोर्डावरून सोलेनॉइड व्हॉल्व्हला इशारा जातो, व्हॉल्व्ह क्षणभर उघडतो आणि बाकीचे काम हवा करते. माउसची कळ दाबण्याइतकेच कष्ट. त्यामुळे सेकंदाला दहा-पंधरा गोळ्या सुटू लागल्या आणि शेवटी स्पर्धांच्या आयोजकांना वेगावर मर्यादा घालावी लागली. पेनसिल्व्हेनियातल्या लॅट्रोब इथल्या स्मार्ट पार्ट्स या गार्डनर बंधूंच्या कंपनीची 'शॉकर' ही अशा पहिल्या बंदुकांपैकी एक. तिच्या पेटंटाचा अर्ज १९९६ च्या जानेवारीतला, पेटंट मिळाले २००० साली. त्याच सुमारास ब्रिटनमधल्या डब्ल्यूडीपी कंपनीची 'एंजल' बाजारात आली आणि मग इतरांच्याही येऊ लागल्या. सोलेनॉइड व्हॉल्व्ह ही काही कोणाची बापजाद्यांची इस्टेट नव्हती. पाकिटे बांधणाऱ्या आणि बाटल्या भरणाऱ्या यंत्रांत तो कित्येक वर्षे टकटक करत होता आणि औद्योगिक मालाच्या कॅटलॉगातून कोणालाही मागवता येत होता.

इथवर तक्रारीला जागा नाही. ज्याने आधी केले त्याने आपल्या रचनेचे पेटंट घ्यावे. पण अमेरिकी कायद्यात 'कंटिन्युएशन' नावाची एक सोय आहे. मूळ अर्ज निकालात निघण्याआधी त्याच वर्णनावर दुसरा अर्ज करता येतो, तो जिवंत असताना तिसरा, मग चौथा. वर्णन तेच, तारीख पहिल्या अर्जाची, आणि दावे मात्र दर वेळी नवे. आपल्याकडे बांध कोरणारा भाऊबंद असतो ना, जो दर नांगरटीला बांधाची वीतभर माती आपल्या वावरात ओढतो आणि दहा वर्षांनी मोजणीदार आला की 'बांध पहिल्यापासून इथेच आहे' म्हणून शपथ घेतो, त्याच्यासारखेच हे. फरक एवढाच की आपला भाऊबंद हे काम अंधारात करतो. वॉशिंग्टनजवळच्या पेटंट कार्यालयात मात्र तलाठीच नांगर देतो आणि नवा बांध आजोबांच्या तारखेने सातबाऱ्यावर चढवून देतो. स्मार्ट पार्ट्सच्या मूळ पेटंटाला अशी भावंडे २००२, २००३, २००४ साली होत गेली. पहिल्या पेटंटात एका ठराविक बंदुकीची रचना होती. नंतरच्यांचा पसारा इतका वाढला की विजेवर चालणारी बंदूक विकणाऱ्याला त्यातून वाट काढणे मुश्कील झाले.

हे गैर आहे असे कोणी म्हणायला जाईल, तर त्याच्या तोंडावर १९८८ चा निकाल फेकला जातो. शस्त्रक्रियेनंतर पोटाला लावायच्या पिशवीवरून किंग्जडाउन विरुद्ध होलिस्टर असा खटला झाला. त्यात फेडरल सर्किट न्यायालयाने स्पष्ट सांगितले की प्रतिस्पर्ध्याची वस्तू बाजारात पाहून, ती आपल्या कक्षेत यावी म्हणून दावे बदलून घेण्यात अनुचित काहीच नाही; मूळ वर्णनाचा आधार असला म्हणजे झाले. तर्क चोख आहे. वर्णनात जे आहे ते शोधकाचेच, मग त्यावर दावा त्याने आज केला काय आणि चार वर्षांनी केला काय! अडचण आहे ती 'आधार' या शब्दाच्या लवचिकतेत. चांगला पेटंट वकील चाळीस पानी वर्णन असे लिहितो की त्यात उद्याची कोणतीही वस्तू जागा शोधून बसेल. 'बॅटरी', 'व्हॉल्व्ह', 'नियंत्रक', 'किंवा तत्सम अन्य साधन'. असे लेखन करणाऱ्याच्या दूरदृष्टीला दाद दिलीच पाहिजे, पण त्या दूरदृष्टीला शोध म्हणायचे झाले तर पंचांगकर्त्यालाही ग्रहणाचे पेटंट द्यावे लागेल.

मग खटले झाले. डब्ल्यूडीपीवर झाला, आयडाहोतल्या इंडियन क्रीक डिझाइन्सवर झाला, एकेए या छोट्या पण कारागिरीसाठी नावाजलेल्या कंपनीवर झाला. उरलेल्यांतल्या अनेकांनी वेळ येण्याआधीच परवाना घेऊन रॉयल्टी भरणे पत्करले. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. अमेरिकेत त्याचा हिशेब कागदावर मांडता येतो. मंजूर झालेले पेटंट कायद्याने वैध समजले जाते आणि ते अवैध आहे हे ठोस पुराव्याने सिद्ध करायची जबाबदारी प्रतिवादीवर येते. निकालापर्यंत जायचे तर खर्च लाखो डॉलरचा, आणि जिंकलात तरी तुमच्या वकिलाचे बिल सहसा तुम्हीच भरायचे. शिवाय तुम्ही जिंकून ते पेटंट मोडीत काढले, तर फायदा फुकटात मिळतो तो न लढलेल्या तुमच्या सगळ्या स्पर्धकांना. तेव्हा वीस-पंचवीस कामगारांचा कारखाना चालवणारा माणूस काय करील? तो सही करील आणि बंदुकीची किंमत वाढवील. सदरहू पेटंट खरोखर टिकण्याजोगे होते की नव्हते, हा प्रश्न तडजोडीच्या कागदाखाली तसाच पडून राहतो. खेळाडूंना हे कळल्यावर त्यांनी बहिष्काराच्या घोषणा केल्या आणि गार्डनर बंधूंना खलनायक ठरवले. त्यांच्यापैकी कितीकांनी ते दावे वाचले होते हा भाग अलाहिदा.

खलनायकाची ही गोष्ट या सदराला पटत नाही, कारण कंपनीची बाजू अगदीच लंगडी नव्हती. पहिला जोरदार आक्षेप असा की छोट्या शोधकाजवळ पेटंटावाचून दुसरे असते काय? मोठी कंपनी त्याची वस्तू उघडून पाहील, परदेशात स्वस्तात बनवून घेईल आणि त्याच्याच दुकानासमोर विकील. हे खरे आहे, आणि दुसरा आक्षेप तर त्याहून खरा. याच स्मार्ट पार्ट्सने २००५ मध्ये 'आयन' नावाची बंदूक आणली आणि ज्या इलेक्ट्रॉनिक बंदुकीला पूर्वी हजाराच्या घरात डॉलर मोजावे लागत ती दोनतीनशेत कॉलेजच्या पोरांच्या हाती पोचवली. मक्तेदार म्हणायचे आणि त्यानेच भाव पाडायचे, हे पाठ्यपुस्तकात बसत नाही. पण या दोन्ही आक्षेपांनी सिद्ध काय होते? मूळ पेटंट हवे होते, एवढेच. शॉकरची नक्कल करणाऱ्याला पहिल्या पेटंटाने अडवता आलेच असते. आणि आयन खपली ती तिच्या भावामुळे आणि हलक्या प्लास्टिकच्या कवचामुळे. २००४ च्या कुठल्या दाव्यातल्या पाचव्या उपकलमामुळे ती खपली असे खुद्द तिच्या विक्रेत्यानेही म्हटले नसते. शोधकाचे रक्षण करायला एक बांध पुरतो. चौथा बांध लागतो तो शेजाऱ्याच्या विहिरीसाठी.

तिसरा आक्षेप जाणकारांचा असतो. ते म्हणतात, जमलेली जोडणी नंतर सोपी वाटतेच. बंदुकीला वीज लावायचे आधी सुचले कोणाला? याचे उत्तर अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पेंटबॉलकडे ढुंकूनही न पाहता दिले. ३० एप्रिल २००७ चा केएसआर विरुद्ध टेलिफ्लेक्स हा निकाल मोटारीच्या ॲक्सिलरेटरच्या पेडलबद्दल होता. पुढेमागे सरकवता येणारे पेडल जुने, इलेक्ट्रॉनिक सेन्सर जुना. एकाने दुसरा पहिल्यावर बसवला आणि पेटंट घेतले. न्यायमूर्तींनी एकमताने सांगितले की माहीत असलेल्या वस्तू माहीत असलेल्या रीतीने जोडल्या आणि अपेक्षित तेच घडले, तर तो शोध नव्हे. धंद्यातल्या सामान्य कारागिरालाही थोडी कल्पकता असते, तो यंत्रमानव नसतो. भारताच्या १९७० च्या पेटंट कायद्यात तर कलम ३(फ) मध्ये हे आधीपासूनच लिहून ठेवले आहे की ज्ञात साधनांची, आपापले काम आपापल्या जुन्या रीतीने करणारी, नुसती मांडामांड म्हणजे शोध नाही. (आपल्या कायद्याला एवढे शहाणपण असताना आपल्या कारागिराला पेटंटाचा अर्ज भरायलाच कोणी शिकवले नाही, पण ते असो.) पेंटबॉलची प्रत्येक इलेक्ट्रॉनिक बंदूक या कसोटीवर फसली असती असे नाही, हवेच्या वाटांची मांडणी काहींत खरोखर नवी होती. पण चापाऐवजी स्विच आणि स्विचमागे व्हॉल्व्ह एवढ्यावर कोणी मालकी सांगितली असती, तर २००७ नंतर त्याला न्यायाधीशासमोर घाम फुटला असता. दुर्दैवाने बहुतेक सह्या तोवर होऊन गेल्या होत्या.

२००८ च्या मंदीत हौशी खेळांचे बाजार आटले आणि २०१० मध्ये स्मार्ट पार्ट्स बंद पडली. कंपनी मेली तरी पेटंट मरत नाही. ते यंत्रसामग्रीसारखे विकता येते, आणि १९९६ च्या अर्जापासून वीस वर्षे धरली तर या कुळाचा आधार २०१६ पर्यंत पुरणारा होता. तोवर खेळाडूंची एक पिढी बंदुका माळ्यावर टाकून मोकळी झाली होती.

पेटंट कार्यालयाला हे कळत नव्हते असे समजण्याचे कारण नाही. २००७ मध्ये त्याने नियम काढला की एका शोधावर हक्काने दोनच कंटिन्युएशन. तिसरे हवे तर कारण द्या. नियम १ नोव्हेंबरला लागू व्हायचा होता. ३१ ऑक्टोबरला व्हर्जिनियाच्या फेडरल न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. दाद मागायला कोण गेले होते? एक शोधक आणि त्याच्या जोडीला ग्लॅक्सोस्मिथक्लाइन ही औषध कंपनी. म्हणजे जिच्या धंद्यातली कॅप्सूल घेऊन पेंटबॉल जन्मला, तोच धंदा बांधाच्या रक्षणाला धावून आला. दोन वर्षे वादविवाद झाल्यावर २००९ च्या ऑक्टोबरात कार्यालयाने तो नियम स्वतःच मागे घेतला. त्यानंतर सुधारणा झाली ती थेट १९ जानेवारी २०२५ रोजी, आणि तीही दरपत्रकात. पहिल्या तारखेनंतर सहा वर्षे उलटल्यावर असा अर्ज करायचा असेल तर २,७०० डॉलर जादा, नऊ वर्षे उलटली असतील तर ४,००० डॉलर जादा. माती किती ओढायची यावर बंधन नाही. पावती फाडा आणि नांगर घाला. शिवाय लहान उद्योगांना या शुल्कात ६० टक्के सूट आहे.