तळघरातलं पोस्टमॉर्टेम

एडिसन, न्यू जर्सी
कार्तिक शुद्ध अष्टमी

ती. बाबांस साष्टांग नमस्कार,

वि. वि. रविवारी फोनवर तुम्ही विचारलंत, "कॉम्प्युटरचं काय झालं शेवटी?" मी तोंड उघडणार, एवढ्यात आईनं फोन ओढून घेतला आणि माझ्या चकल्या मऊ का पडल्या हा विषय काढला. तो विषय फोन ठेवेपर्यंत पुरला. पण ही हकिकत फोनवर उरकण्यासारखी नाहीच. उभी हयात वीज मंडळात घालवलेल्या माणसाला ती फेज-न्यूट्रलसकट, क्रमानं सांगायला हवी. म्हणून पत्र.

पाडव्याच्या सकाळी ओंकारनं तळघरातून हाक मारली की सीपीयू चालू होत नाही. हा तोच सीपीयू, जो बापलेकांनी उन्हाळ्यात सुटे भाग मागवून जोडला होता आणि ज्याला दसऱ्याला झेंडूचा हार घातला होता. तुमचे जावई दाढी अर्धी टाकून खाली धावले. सॉफ्टवेअरमधला माणूस, पहिला प्रश्न काय विचारणार? "एरर काय येतोय?" ओंकार म्हणाला, "काहीच येत नाहीये." त्यावर हे म्हणाले, "मग लॉग बघ." ज्या यंत्राचा पंखाही हलत नव्हता, ते रोजनिशी लिहून बसलं असेल अशी यांची अपेक्षा.

मी जिन्यातूनच विचारलं, "सॉकेटला करंट आहे का?" त्यावर त्यांनी शेजारच्या सॉकेटात टेबललॅम्प लावून दाखवला. लख्ख उजेड पडला आणि माझं तोंड बंद झालं. हा शेजारचा सॉकेट लक्षात ठेवा, बाबा. मॉनिटर, स्पीकर, राउटर अशी सगळी जनता त्याच्यावर एका पट्टीत होती. सीपीयूचा डबा मात्र समोरच्या भिंतीतल्या दुसऱ्या सॉकेटवर, एकटाच. कारण "एवढ्या ताकदीच्या मशीनला स्वतंत्र लाइन हवी," असं तुमच्या जावयांचं जून महिन्यापासूनचं मत. मॉनिटरचा दिवा लागत होता, ‘सिग्नल नाही’ असं तो बापडा लिहूनही दाखवत होता. तेव्हा वीज आहे आणि दोष डब्यात आहे, यावर घरात एकमत झालं.

त्यानंतर जे जे केलं ते सगळं शास्त्राला धरून होतं, हे मी कबूल करते. डब्याच्या मागे पॉवर सप्लायचं एक छोटं बटण असतं, उभी रेघ म्हणजे चालू आणि गोल म्हणजे बंद. ते रेघेवरच होतं. केबल बदलून पाहिली. मग प्लग काढून समोरचं बटण अर्धा मिनिट दाबून धरलं, म्हणजे कपॅसिटरमध्ये साठलेला चार्ज उतरतो. रॅमच्या पट्ट्या काढून त्यांचे सोनेरी दात ऋचाच्या खोडरबरानं घासले. ही विद्या कुठल्या कंपनीच्या पुस्तकात नसेल, पण पुण्यातल्या कुठल्याही कॉम्प्युटरवाल्याला विचारा. मदरबोर्डावरचा तीन व्होल्टचा गोल सेलही बदलून झाला.

मशीन उघडण्याआधी तुमच्या जावयांनी मनगटाला एक पट्टा बांधला आणि त्याची वायर डब्याच्या पत्र्याला अडकवली. इथे हीटर सुरू झाले की हवा पापडासारखी कोरडी होते. गालिच्यावरून चार पावलं चालून दाराच्या मुठीला हात लावला की ठिणगी उडते. माणसाला नुसता चटका बसतो, पण चिप मरू शकते. सासूबाईंनी विचारलं, "हा स्वतःलाच अर्थिंग का देतोय?" आणि ते शब्दशः खरं होतं.

सासूबाईंचा याखेरीज एकच प्रश्न होता आणि तो त्या रोज संध्याकाळी विचारत होत्या. "अरे, कंदील का लागत नाही?" लक्ष्मीपूजनाच्या रात्री इथे मुसळधार पाऊस झाला, तेव्हापासून ओट्यावरचा आकाशकंदील बंद होता. "बल्ब गेला असेल आई, वीकेंडला बघतो," असं उत्तर तळघरातून येई. ऋचाची वेगळीच कुरकुर, बाथरूममध्ये हेअर ड्रायर चालत नाही. तिला तिच्या वडिलांनी पंचानं केस पुसायचा सल्ला दिला. सीपीयूचं एक खातं, कंदिलाचं दुसरं, ड्रायरचं तिसरं. आपल्याकडे सरकारी कचेरीतही इतकी खाती वेगळी नसतात.

आता खरी मजा. मदरबोर्डावर एक बारीकसा दिवा असतो. मशीन बंद असलं तरी प्लगमध्ये वीज आहे तोवर पाच व्होल्टची एक वेगळी धार बोर्डाला मिळत राहते. समोरचं बटण हे तुमच्या मेन स्विचसारखं नव्हेच. ते नुसतं बोर्डाला सांगतं, आणि बोर्ड पॉवर सप्लायला सांगतो की आता सुरू हो. ऑफिसातून फाइल जाते तशी. ही पद्धत 1995 पासूनची, इंटेलनं एटीएक्सचा आराखडा काढला तेव्हाची. आमच्या बोर्डावरचा तो दिवा बंद होता. म्हणजे बोर्डापर्यंत काहीच पोचत नव्हतं. इथपर्यंत तुमच्या जावयांचा तर्क शंभर नंबरी होता. पुढचं वाक्य होतं, "पॉवर सप्लाय गेला."

खात्री करायला त्यांनी कागदाची टाचणक्लिप सरळ केली. पॉवर सप्लायच्या 24 पिनांच्या जोडणीतली हिरवी वायर काळ्या वायरला जोडली की बोर्डाशिवायही पंखा फिरायला हवा. हिरवी वायर शोधायला गेले तर नव्या फॅशनप्रमाणे सगळ्याच वायरी काळ्या. मग खटक्याच्या बाजूची चौथी पिन मोजून काढली. क्लिप लावली, आम्ही सगळे श्वास रोखून उभे. पंखा हलला नाही. परीक्षा बरोबर, रीत बरोबर, फक्त ती घेतली त्याच सॉकेटवर. नशीब, पॉवर सप्लायचा डबा उघडायच्या फंदात ते पडले नाहीत. बंद केल्यावरही त्यातला मोठा कपॅसिटर तीनशेच्या वर व्होल्ट धरून बसू शकतो, हे तुम्हाला मी काय सांगणार.

नवा पॉवर सप्लाय मागवला. 90 डॉलर. रुपयांत हिशोब करू नका, आईला सांगूही नका. तोही चालला नाही. "मग मदरबोर्ड गेला." ओंकारच्या डोळ्यांत पाणी. मला आठवलं, माझ्या मामेभावानं बरीच वर्षं आधी पुण्याहून सीपीयू बॅगेत घालून इथे आणला होता, तेव्हा मागचा लाल खटका 230 वरच राहिला होता. इथल्या 120 व्होल्टवर ते यंत्र ढिम्म हललं नव्हतं. (उलट झालं असतं, म्हणजे खटका 115 वर आणि वीज आपली, तर मोठा आवाज झाला असता.) ती गोष्ट मी सांगितल्यावर हे लाल खटका शोधत बसले. हल्लीच्या सप्लायना तो नसतो, शंभरपासून दोनशेचाळीसपर्यंत काहीही चालतं.

शेवटी डबा गाडीत घालून दुरुस्तीच्या दुकानात नेला. तिथल्या पोरगेल्या माणसानं प्लग लावला, बटण दाबलं, आणि पंखे, दिवे, सगळी रोषणाई सुरू! तपासणीचे पैसे दिले आणि वाजतगाजत घरी आलो. तळघरात लावला. पुन्हा मेलेला. तुमचे जावई म्हणाले, गाडीच्या हादऱ्यांनी काहीतरी सैल झालं. सासूबाई म्हणाल्या, दृष्ट लागली, आणि मीठ-मोहरी घेऊन खाली उतरल्या.

त्या मीठ-मोहरी ओवाळत असताना मला तुमचं आठवलं. तक्रार आली की तुम्ही आधी डीपी बघायचात, मग खांब, मग मीटर, आणि माणसाच्या घरात सगळ्यात शेवटी पाय टाकायचात. मी वर जाऊन तुम्ही बॅगेत घातलेला टेस्टर आणला. इथल्या सॉकेटला दोन उभ्या फटी असतात, लांब ती न्यूट्रल आणि आखूड ती फेज. टेबललॅम्पच्या सॉकेटात टेस्टर घातला, मिणमिणता का होईना, लागला. सीपीयूच्या सॉकेटात घातला. अंधार. तुमच्या जावयांनी टेस्टर माझ्या हातून घेऊन स्वतः घालून पाहिला. मग पुन्हा लॅम्पच्या सॉकेटात. मग पुन्हा इकडे. मग ते काही वेळ जिन्यावर जाऊन बसले.

तळघरातला ब्रेकरचा बोर्ड पाहिला तर एकही खटका पडलेला नव्हता. तेव्हा सासूबाई मोहरीची वाटी हातात घेऊन म्हणाल्या, "कंदिलालाही करंट नाही. पोरीच्या ड्रायरलाही नाही. तिन्हींची वायर एकच नसेल ना रे?"

बाबा, होती! हे घर ऐंशीच्या दशकातलं. गॅरेज, बाथरूम आणि घराबाहेरचे सॉकेट, या ओलाव्याच्या जागांना इथे एक सुरक्षा-उपकरण सक्तीचं असतं, आपल्या ईएलसीबीच्या जातीचं. त्याला जीएफसीआय म्हणतात. गेलेला आणि परत आलेला करंट ते मोजतं, आणि फरक पडला की तोडतं. आपल्याकडे घरात 30 मिलिअँपियरचं लावतात, हे पाचालाच उडतं. बर्कलीच्या चार्ल्स डॅल्झिएल नावाच्या प्राध्यापकानं 1961 मध्ये ते काढलं. त्याआधी त्यानं स्वयंसेवकांना मोजून-मापून शॉक देऊन पाहिलं होतं, किती करंटपर्यंत माणसाला हातातली तार सोडता येते ते. तुमची आणि त्याची भेट व्हायला हवी होती. आमचं घर बांधलं तेव्हा हे उपकरण महाग, म्हणून बिल्डर गॅरेजमध्ये एकच बसवायचे आणि बाकीचे सॉकेट त्याच्या पुढे जोडत जायचे. आमच्या आधीच्या मालकानं तळघर सजवताना तिथूनच आणखी एक वायर खाली ओढली होती. हीच ती सीपीयूची स्वतंत्र लाइन.

गॅरेजात शिडी आणि फावडी हलवल्यावर ते सापडलं. बटण दाबलं की खट्कन परत बाहेर. "आधी कंदील काढा," सासूबाई म्हणाल्या. कंदिलाला घरात वापरायची वायर लावलेली, आणि होल्डरमध्ये पावसाचं पाणी. प्लग काढला, बटण दाबलं, बसलं. त्याच क्षणी वरच्या मजल्यावर ड्रायर घोंघावू लागला आणि खालून ओंकारची आरोळी आली.

कंदील तुळशीचं लग्न होईपर्यंत ओट्यावरच राहणार, असं सासूबाईंनी जाहीर केलं आहे. बाहेरची वायर अजून आलेली नाही, त्यामुळे सध्या सकाळी चहाबरोबर ओंकार आजीला हवामानाचा अंदाज वाचून दाखवतो आणि पाऊस असेल तर कंदील आत घेऊन मगच शाळेला जातो. नवा पॉवर सप्लाय परत पाठवायचा म्हणून तुमचे जावई त्याचं फाडलेलं खोकं चिकटवत बसले आहेत. जमेलसं दिसत नाही.

आईला नमस्कार, आणि तिला सांगा, चकलीत मोहन कमी पडलं होतं हे तिचं निदान मान्य. पुढच्या महिन्यात सुषमामावशी येते आहे, तिच्याबरोबर दोन टेस्टर पाठवा. माझा तुमच्या जावयांच्या खिशातून परत मिळत नाही.

तुमची,
मीना