समभाग पाणी

गुलमंडीवर सुपारी हनुमानाला हात जोडले की अण्णा थेट औषधांच्या दुकानात शिरतात. देवाकडे ते काही मागत नाहीत, मागणं दुकानदारासाठी राखून ठेवलेलं असतं. "नवीन काही आलंय का?" हा प्रश्न लोक साड्यांच्या दुकानात विचारतात, अण्णा टॉनिकच्या.

हे अण्णा औरंगपुऱ्यात प्रत्येक जिन्यावर आणि सिडकोत प्रत्येक गल्लीत एक या हिशेबाने सापडतात. पेन्शन वेळेवर, मुलगा वाळूजला कंपनीत, आणि तरी "डोकं लई जड पडायलंय बगा." तपासणी केली तर सगळं नॉर्मल. नॉर्मल रिपोर्ट हातात पडला की मात्र अण्णा खरोखरच खचतात.

मग फडताळ उघडतं. टाळूला ब्राह्मी तेल, कपाळाला अमृतांजन (1893 पासून लोक चोळतायत, काही उगाच नाही), स्मरणशक्तीला शंखपुष्पीचं सरबत, जे घ्यायचं हमखास विसरतं. आणि मधोमध, मानाच्या जागी, अश्वगंधारिष्ट. "घरात अरिष्टं काय कमी आहेत, म्हणून बाटलीतलं विकत आणायचं?" हे काकूंचं मत. आसव-अरिष्टं आंबवून करतात, त्यामुळे त्यांत थोडं मद्य आपोआप तयार होतं. रात्रीच्या डोसानंतर अण्णांना जगाबद्दल एकदम आपुलकी वाटते, ती कशाने, हे आम्ही त्यांना सांगितलेलं नाही. माळकरी माणूस आहे.

नातवाने एकदा मोबाइलवर शोधून सांगितलं, की या थकव्याला अमेरिकेतल्या जॉर्ज बिअर्ड नावाच्या डॉक्टरने 1869 मध्येच 'न्यूरास्थेनिया' म्हटलं होतं आणि आगगाडी, तारायंत्र, वर्तमानपत्रं यांना दोषी धरलं होतं. अण्णांनी मान डोलावली. "त्याच्या गावाला जायकवाडीचं पाणी नसंल, नाहीतर तेच पहिलं लिहिलं असतं." नातू पुढे म्हणाला, 1954 च्या कायद्याने मज्जातंतूंची दुर्बलता बरी करतो अशी जाहिरात करायला बंदी आहे, मधुमेह आणि लठ्ठपणाही त्याच यादीत आहेत. अण्णांचा चेहरा उजळला. "म्हणजे आजार सरकारदरबारी नोंदलेला आहे तर!"

खरी अडचण बाटलीवरच छापलेली आहे: जेवणानंतर, समभाग पाण्यासह. इथे धरण पन्नासेक किलोमीटरवर, पेपरात रोज त्याची टक्केवारी, आणि नळ कितव्या दिवशी येईल ते लाइनमनलाच ठाऊक. अण्णा झाकणात औषध ओततात, डोळ्यांसमोर धरून रेष जुळवतात, मग माठाकडे वळतात. माठात वाकून पाहिलं की डोकं पुन्हा जड.

पाण्याच्या दिवशी मात्र पहाटे तीनला अण्णा मोटार लावतात, पाइप खांद्यावर टाकून जिना चढतात, टाकी, पिंप, बादल्या, काकूंची पातेली, सगळं भरतात आणि शेजाऱ्याशी पाइपवरून भांडून येतात. सकाळी चहा घेताना काकू फडताळाकडे बघतात. बाटलीचं झाकण कालच्यासारखंच घट्ट.

तुमच्या भागात नळ आला तर अण्णांना तेवढा फोन करा. रात्री दोनला केला तरी चालेल, ते जागेच असतात.