चिमटेभाऊ

चिमटेभाऊ तुमच्याही गावात असणार. नाव दुसरं असेल, अंगावरचा रेनकोट वेगळ्या रंगाचा असेल, पण आभाळ नुसतं भरून आलं की आपल्याला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळून "हे घालून निघाले?" असं विचारणारा माणूस प्रत्येक गल्लीला एक दिलेला आहे. आपण कोथिंबीर आणायला निघालेलो असतो. त्याच्या चेहऱ्यावरून वाटतं, घरच्यांचा निरोप घ्यायचा राहून गेला.

आमच्या बुलडाण्याच्या भाऊंचं वैशिष्ट्य असं की ते विचारून थांबत नाहीत. पुढे होतात, आपल्या बाहीचं कापड अंगठा आणि तर्जनीत धरतात, हलकेच चोळतात, डोळे अर्धवट मिटतात आणि निकाल देतात, "पावणेचार तास." म्हणजे हा शर्ट भिजला तर सावलीत वाळायला पावणेचार तास. कापडाला रंग असतो, पोत असतो, किंमत असते, हे त्यांना मान्य नाही. कापड म्हणजे ते वाळायला लागणारा वेळ. या चिमटीमुळेच गावानं त्यांचं खरं नाव विसरून चिमटेभाऊ हे नाव कायम केलं. दोरीवरचे चिमटेही त्यांना कमी पडत असतील म्हणा.

चिखलीला एका लग्नात त्यांनी स्टेजवर जाऊन नवरदेवाच्या शेरवानीला चिमूट लावली. "दीड दिवस. अस्तर धरलं तर दोन." महिना मे होता आणि मंडपात पंख्यांचीही लाही होत होती, तरी बिचारा नवरदेव अक्षता पडेपर्यंत मधून मधून आभाळाकडे बघत होता. निवडणुकीत एक उमेदवार हात जोडून दारात आले. भाऊंनी त्यांचा खादीचा कुर्ता धरला आणि गंभीरपणे म्हणाले, "सात तास." सोबतच्या कार्यकर्त्यानं वहीत ताबडतोब लिहून घेतलं : पाणी, सात तास. आमच्याकडे दारात उभा असलेला मतदार दुसरं काही मागेल अशी शक्यता त्याला सुचलीच नाही.

बायकांच्या कपड्यांना ते अर्थात हात लावत नाहीत, लांबूनच अंदाज करतात. पण वहिनी सांगतात, त्यांना बघायला आले तेव्हा भाऊंनी आधी दाराचा पडदा चोळून पाहिला होता. पडदा पास झाला, मग मुलीकडे बघितलं. नांदुऱ्याला महामार्गाच्या कडेला हनुमानाची 105 फुटी मूर्ती आहे. तिथं त्यांनी मनापासून हात जोडले आणि मला म्हणाले, "पावसात चालायचं तर मारुतीरायाचाच पोशाख. एक कासोटा, बस. पंधरा मिनिटं."

आता यातली गंमत अशी की हा माणूस कोकणात जन्मला असता तर शोभला असता. आमच्या जिल्ह्यात वर्षाला सरासरी साडेसातशे-आठशे मिलिमीटर पाऊस. त्यातही मृगात दोन दिवस हजेरी लावून तो जो गायब होतो तो दुबार पेरणीचं बियाणं घरात येईपर्यंत तोंड दाखवत नाही. अशा मुलखात पावसाळी कपड्यांचा तज्ज्ञ होणं म्हणजे मोताळ्यात राहून पोहण्याचे वर्ग काढणं. पण भाऊ वर्षभर तयारीत असतात. जानेवारीत रेनकोटाला उन्हं दाखवतात. एप्रिलमध्ये शिवणीवर मेण घासतात. जूनमध्ये ढगाकडे अशा नजरेनं बघतात की ढगालाच संकोच व्हावा.

पावसानं कृपा केलीच तर त्यांचं दर्शन राजूर घाटाच्या रस्त्यावर, पहाटे. बुलडाणा अजिंठ्याच्या डोंगरावर वसलेलं, त्यामुळे घाटात धुकं असतं, भुरभुर असते, आणि फिरायला आलेल्या निरपराध लोकांची अडवणूक करायला जागाही भरपूर असते. भाऊ स्वतः गुडघ्यापर्यंतची चड्डी, बनियनशिवाय अंगालगत पातळ टीशर्ट, डोक्यावर पुढे झाप असलेली टोपी आणि तिच्यावर रेनकोटाचं टोपरं अशा थाटात. टोपी का, तर टोपरं कितीही चांगलं असलं तरी चष्म्यावर थेंब येतात. टोपीची झाप ते अडवते. चड्डी का, तर ओली पॅन्ट दोन किलोमीटरात मांड्या सोलून काढते, आणि पोटऱ्यांचं पाणी रुमालानं पुसलं की संपलं, "कातडं वाळायला दोन मिनिटं." बूट का नाही, तर आत गेलेलं पाणी बुटातच मुक्काम करतं, पट्ट्यांची चप्पल बरी, एका वाटेनं आलं, दुसऱ्या वाटेनं गेलं. छत्री का नाही, तर घाटातला वारा तिची दिशा ठरवतो, आपली नाही. आणि बनियन हा माणसाचा पहिला शत्रू. वरचं सगळं वाळतं, बनियन छातीला धरून बसतं.

निवृत्त, नातवंडं असलेला, दत्तजयंतीला कीर्तनाच्या पहिल्या रांगेत बसणारा माणूस चारचौघांत मोठमोठ्यानं बनियनबद्दल बोलत असतो. सोबत चालणाऱ्यांची काय अवस्था होत असेल? एका प्राध्यापकांनी घाट सोडला आणि ते आता गच्चीवर फेऱ्या मारतात.

सगळ्यात कहर म्हणजे कापसाची बदनामी. जिल्हा कापसाचा. 1870 साली जलंबहून खामगावला रेल्वेचा फाटा निघाला तो इथल्या कापसासाठी, आणि उद्घाटनाला दस्तुरखुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले होते. अशा जिल्ह्यात उभं राहून हा गृहस्थ सांगतो की पावसात सुती घालणं म्हणजे आत्मघात! "कापूस पाणी सोडत नाही. खणखणीत वाळलेल्या कापसातबी सात-आठ टक्के पाणी राहतंच. पॉलिस्टर पाहा. अर्धा टक्काबी धरत नाही." आणि लोकरीचा विषय निघाला की त्यांचा गळा भरून येतो. लोकर पाणी पोटात घेते, पण अंगाला थंडी लागू देत नाही. धनगराची घोंगडी हे जगातलं सर्वात शहाणं वस्त्र, असं त्यांचं मत आहे. ते घालून स्वतः का चालत नाहीत असं मी विचारलं, तर म्हणाले, "वजन. अन् वाळायला तीन दिवस."

रेनकोट हा मुळात वऱ्हाडाचा शोध आहे, असाही त्यांचा एक सिद्धांत आहे. स्कॉटलंडच्या चार्ल्स मॅकिन्टॉशनं 1823 मध्ये सुती कापडाच्या दोन थरांमध्ये रबर दाबून जलरोधक कापडाचं पेटंट घेतलं, मग मँचेस्टरला कारखाना काढला. मँचेस्टरला कापूस कुठून जायचा? आपल्याकडून. झालं की नाही! 1823 आणि खामगावची रेल्वे यांच्यामधल्या जवळजवळ पन्नास वर्षांचा हिशोब विचारला की ते आपल्या बाहीला हात घालतात, आणि चर्चा संपते.

या चिमटीचा उगम मला बऱ्याच उशिरा कळला. भाऊ नोकरीला असताना कापूस खरेदी केंद्रावर ग्रेडर होते. 1972 साली महाराष्ट्रात कापसाची एकाधिकार खरेदी सुरू झाली, म्हणजे शेतकऱ्यानं आपला कापूस सरकारी योजनेतच विकायचा. केंद्राबाहेर बैलगाड्यांची रांग लागायची, रात्र रात्र. गाडीजवळ जाऊन ग्रेडर मूठभर कापूस काढायचा, चिमटीत धरून धागा ओढून पाहायचा, ओलावा जोखायचा, त्यापायी वजनात कडता, म्हणजे कपात, धरायचा आणि एक शब्द बोलायचा. त्या शब्दावर पोरीचं लग्न, पोराची फी, सावकाराचं व्याज ठरायचं. तीस वर्षं भाऊंच्या अंगठ्याला आणि तर्जनीला हेच काम. मेंदू निवृत्त झाला, बोटं झाली नाहीत.

एकदा, धुक्यात, त्यांनी स्वतःहून सांगितलं. नोव्हेंबरात अवकाळी आला होता. रांगेतल्या गाड्या उघड्यावर. शेतकऱ्यांनी अंगावरची धोतरं सोडून कापसावर टाकली, पोत्याच्या खोळी टाकल्या, एकानं बायकोचं लुगडं टाकलं. स्वतः भिजत उभे. सकाळी भाऊ गाडीगाडीपाशी गेले आणि चिमूट लावत गेले. ओला. ओला. ओला. "नियम होता," एवढंच म्हणाले. मग माझ्या विंडचीटरला बोट लावून "तास-दीड तास" म्हणाले आणि पुढे निघाले. त्या दिवशी ते मला नेहमीइतके असह्य वाटले नाहीत. नेहमीपेक्षा थोडेच कमी.

पण खरं म्हणजे भाऊंना बघायचं तर पालखीच्या दिवशी बघावं. शेगावहून गजानन महाराजांची पालखी आषाढीला पंढरपूरला जाते. जातानाच सातशेच्या वर किलोमीटरची चाल, पांढऱ्या वेशातले सातशेच्या आसपास वारकरी, आणि शिस्त अशी की सैन्यानं बघायला यावं. परतीच्या वाटेवर ती सिंदखेड राजा, लोणार, मेहकर करत आपल्या जिल्ह्यातून येते. शेवटचा टप्पा खामगाव ते शेगाव, सोळा-सतरा किलोमीटर. त्या पहाटे आसपासच्या जिल्ह्यांतून आलेली लाखो माणसं पालखीसोबत चालतात. पाऊस असला तर सगळा रस्ता म्हणजे पावसाळी कपड्यांचं प्रदर्शन. युरियाच्या गोण्या, खताच्या पिशवीला तीन भोकं पाडून केलेले सदरे, मेणकापड, शामियान्याची फाटकी ताडपत्री एका टोकाला आजोबा आणि दुसऱ्या टोकाला नातू धरून. भाऊंच्या दृष्टीनं हा स्वर्ग आहे.

पाठीवरच्या बोजक्यात ते प्लास्टिकच्या कागदाच्या घड्या, खोबरेल तेलाची बाटली आणि कोरडे पंचे घेऊन निघतात. कुणी कुडकुडताना दिसलं की कागद देतात, कुणी फेंगडं चालताना दिसलं की बाजूला घेऊन तेलाची बाटली देतात. आधी चिमूट लावतात आणि दहा वाक्यांचं भाषण देतात, हे मान्य. भाषणाशिवाय त्यांची वस्तू मिळत नाही. पण मिळते. शेगाव यायच्या आत बोजकं रिकामं असतं, आणि त्यातलं काही परत आल्याचं ऐकिवात नाही. एका नऊवारीतल्या म्हाताऱ्या आजीला ते कागद देऊ लागले. सुती लुगडं, चिंब. "माय, हे वाळायला सात तास लागतील." आजी थांबलीसुद्धा नाही. "अंगावरच वायते न बाप्पा. चाललं का वायते." भाऊ जागीच उभे राहिले. अंगावर, चालता चालता, शरीराच्या उष्णतेनं, ही बाब त्यांच्या तीस वर्षांच्या कोष्टकात नव्हती. पुढचा अर्धा किलोमीटर ते कुणाशी बोलले नाहीत. त्यांच्या हिशोबात हे मौन फार मोठं.

गेल्या पालखीला त्यांच्या अंगात पुण्याच्या मुलानं पाठवलेलं नवं जाकीट होतं. त्याची किंमत मुलानं सांगितली नव्हती, यावरून काय ती समजा. म्हणे हे कापड श्वास घेतं. त्याला अशी बारीक छिद्रं असतात की पावसाचा थेंब आत येत नाही आणि घामाची वाफ बाहेर जाते. भाऊंनी हे शास्त्र खामगावच्या वेशीपासून भेटेल त्याला ऐकवलं होतं. आता ही वाफ बाहेर जायची तर बाहेरची हवा थोडी कोरडी लागते. श्रावणातल्या पावसात, लाखो माणसांच्या गर्दीत, हवा आधीच आकंठ प्यायलेली. तिला अजून कोण पाजणार?

शेगाव दिसू लागलं तसा एक म्हातारा शेतकरी शेजारून चालू लागला. डोक्यावर पोत्याची खोळ, हातात चपला. बराच वेळ तो भाऊंकडे बघत होता. मग म्हणाला, "भाऊ, तुमी ग्रेडर होते न?"

भाऊंचा चेहरा उतरला. होय म्हणाले.

"माही गाडी होती तुमच्यापाशी. पान्यात भिजलेली."

यावर काय बोलणार? पावसाचा आवाज, टाळांचा आवाज. मी भाऊंच्या मदतीला काहीतरी गुळमुळीत बोलणार होतो, तेवढ्यात म्हातारा सरळ पुढे झाला, त्यानं भाऊंच्या जाकिटाची चेन वीतभर खाली ओढली, आतल्या टीशर्टाला अंगठा आणि तर्जनीनं धरलं, चोळलं आणि डोळे अर्धवट मिटले.

"वरून चोख दिसते," तो म्हणाला. "पन आतून ओला हाये माल. याले भाव नाही भेटनार."

आजूबाजूचे आठ-दहा जण फुटले. भाऊ आधी कानापर्यंत लाल झाले, मग असे हसू लागले की त्यांना चालता येईना. म्हातारा मात्र हसला नाही. काम गंभीरपणे करायची रीत त्यानं भाऊंकडूनच पाहिली होती. शेगावात पोचल्यावर भाऊ त्याला हाताला धरून कचोरीच्या दुकानात घेऊन गेले आणि पैसे मीच देणार म्हणून अडून बसले. म्हाताऱ्यानं आढेवेढे घेतले नाहीत. दोन कचोऱ्या सावकाश खाल्ल्या, तिसरी कागदात बांधून खोळीच्या कोरड्या घडीत नीट ठेवली आणि भाऊंना म्हणाला, "हे कडत्याची. तवाची राह्यली होती."