आमच्याकडं तर चालतं!

गोव्यातल्या मोरजीला येणाऱ्या कासवाच्या मादीला कुणी नकाशा दिलेला नसतो. ऑलिव्ह रिडले जातीची ही बाई वर्षानुवर्षं समुद्रात कुठंकुठं भटकते आणि अंडी घालायची वेळ आली की जिथं स्वतः जन्मली त्याच बाजूच्या किनाऱ्याला लागते. रात्री वाळूत खड्डा करते, शंभराच्या आसपास अंडी घालते, वर वाळू सारते आणि मागं न बघता निघून जाते. पुढचं वनखातं बघतं. मोरजी ज्या पेडणे तालुक्यात आहे तिथलंच माझं माहेर. त्यामुळं कासव न सांगता बरोबर जागी पोचतं, ह्यावर माझा लहानपणापासून गाढ विश्वास होता. तो पायथननं घालवला.

लग्नानंतर मी डिचोलीला आले आणि इथं मुलांना पायथन ही संगणकाची भाषा शिकवते. 2021 साली गोवा सरकारनं शाळांतून कोडिंग आणि रोबोटिक्स शिकवण्याची योजना आणली, तेव्हापासून आमच्या भागातल्या पालकांच्या मनात एक धास्ती बसली आहे. इथल्या खाणी बंद पडल्यावर दारात उभ्या राहिलेल्या ट्रकांचं जे झालं तेच कोडिंग न येणाऱ्या मुलाचं होणार, अशी. तेव्हा संध्याकाळी माझ्या व्हरांड्यात पोरांची गर्दी असते. त्यांना सुरुवातीला मी टर्टल शिकवते. पडद्यावर एक कासव, त्याला ‘शंभर पावलं पुढं जा, नव्वद अंश वळ’ असं सांगायचं, मागं रेघ उमटते. ही कल्पना सेमूर पेपर्ट आणि मंडळींच्या लोगो भाषेतून आली. लोगो 1967 ची. पायथनमध्ये हे कासव जन्मजातच येतं, वेगळं काही घालावं लागत नाही. पहिल्या ओळीत ‘इम्पोर्ट टर्टल’ लिहिलं की हजर.

आता जगातल्या कुठल्याही मुलाला कासवाचा पहिला प्रोग्रॅम लिहून झाल्यावर विचारा, फाइलीला नाव काय देणार? ते ‘टर्टल’च देतं. टर्टल डॉट पीवाय. मी आधी बजावते, फळ्यावर लिहिते, फुली मारते, फुलीभोवती गोल काढते. तरी पाच मिनिटांत कोपऱ्यातून आरोळी येतेच, “टीचर, कासव हालना!”

हलेल कसं? ‘इम्पोर्ट’ म्हटल्यावर पायथन काय करतो ते ऐका. त्याच्याकडं जागांची एक यादी असते, तिचं नाव सिस डॉट पाथ. त्या यादीत तो वरून खाली शोधत जातो, आणि पहिल्यांदा त्या नावाचं जे सापडेल ते उचलतो. चौकशी नाही, खात्री नाही. यादीत सगळ्यात वर असतो तुमची फाइल ज्या फोल्डरात आहे तो फोल्डर. म्हणजे कासवाला शोधायला निघालेला पायथन उंबऱ्यातच त्या मुलाच्या फाइलीला अडखळतो, तिलाच कासव समजतो आणि आत घेतो. ती फाइल पुन्हा म्हणते, कासव आणा. कासव तर आत्ताच आणलं, पायथन म्हणतो, पण अर्धंच वाचून झालंय. आणि अर्ध्या कासवाला पुढं जाता येत नाही, असा लालभडक इंग्रजी निरोप पडद्यावर येतो. मुलगा आपलीच फाइल आपल्याला सापडली म्हणून रडकुंडीला आलेला असतो आणि शेजारचा त्याला सांगत असतो, “आमच्याकडं तर चालतं!”

खरी गंमत पुढं आहे. फोल्डर सगळ्यांचा एकच असला तर शेजाऱ्याकडंही चालायचं थांबतं. त्यानं आपल्या फाइलीला ‘घर’ असं सालस नाव दिलेलं असतं, पण उंबऱ्यात दुसऱ्याचं कासव बसलेलं. एका पोराच्या बारशामुळं सगळा वर्ग अडतो. पायथनवाल्यांना ह्याची कल्पना नव्हती असं नाही. 2024 च्या ऑक्टोबरात आलेल्या 3.13 व्हर्जनमध्ये त्यांनी निरोप सुधारला. आता तो सरळ सांगतो की तुमच्या फाइलीचं नाव आमच्या मूळ मॉड्यूलसारखं आहे, बदलून बघा. पायथन जन्मला 1991 साली. म्हणजे हे एक वाक्य सुचायला तेहतीस वर्षं लागली. सरकारी खात्याला आपण उगीच नावं ठेवतो.

पायथनची आणखी एक खोड आमच्या सासऱ्यांशी जुळते. एखादं मॉड्यूल, म्हणजे ‘इम्पोर्ट’ करायची फाइल, एकदा वाचलं की तो ते लक्षात ठेवतो आणि पुन्हा ‘इम्पोर्ट’ म्हटलं तरी फाइल उघडून बघत नाही. तुम्ही मधल्या वेळात ती सुधारा, आख्खी नव्यानं लिहा, त्याचं मत पहिल्या वाचनाचंच. मत बदलायचा सोपा उपाय म्हणजे त्याला बंद करून पुन्हा चालू करणं. सासऱ्यांच्या बाबतीत ही सोय नाही.

आता पॅकेजं. कासव घरचं, पण बाकीचं सामान बाहेरून आणावं लागतं. आणून देणाऱ्या हमालाचं नाव पिप. त्याला ‘अमुक आण’ म्हटलं की तो आणतो, ‘यशस्वी’ असं सांगतो, आणि पायथन म्हणतो, असलं काही इथं नाही. दोघंही खरं बोलत असतात. कारण लॅपटॉपवर पायथन दोन असतात. एक कुणीतरी कधीतरी टाकलेला, दुसरा एखाद्या मोठ्या सॉफ्टवेअरबरोबर न विचारता आलेला. पिपनं सामान एकाच्या घरी उतरवलं, तुम्ही हाक मारली दुसऱ्याला.

पेडणेकरांना हे समजावायला लागत नाही. 5 जानेवारी 2023 पासून मोपाचा विमानतळ चालू झाला आणि ‘गोवा’ ह्या एका नावाखाली दोन जागा झाल्या. दाबोळीची खूण जीओआय, मोपाची जीओएक्स. तिकिटावरचं शेवटचं अक्षर न वाचता पाहुणा दाबोळीला उतरतो आणि “कुठं आहेस? मी बाहेर उभा आहे” असा फोन करतो. यजमानही बाहेरच उभा असतो, मोपाला. मध्ये पणजी, मांडवी, झुवारी आणि सगळी वाहतूक. नुसतं ‘पिप’ म्हणणं म्हणजे नुसतं ‘गोवा’ म्हणणं. त्यावर उपाय आहे: ‘पायथन हायफन एम पिप’ असं लिहायचं. म्हणजे ज्या पायथनला हाक मारतोय त्याच्याच पिपला काम लागतं. थोडं जास्त लिहावं लागतं, पण झुवारी ओलांडावी लागत नाही.

एवढं करून पॅकेज योग्य घरी पोचलं तरी प्रश्न उरतो, कुठलं व्हर्जन? इथं तर आकड्यांचाच घोळ. पायथनच्या 3.9 नंतर येतो 3.10. मुलांना दशांश अपूर्णांक नुकतेच शिकवलेले असतात. ती म्हणतात, टीचर, 3.10 म्हणजे 3.1, तो लहान. हे चूक आहे असं सांगताना गणिताच्या बाईंच्या पोटावर पाय येतो. पण मुलांना काय म्हणावं, 2021 मध्ये 3.10 आला तेव्हा कितीतरी मोठ्या माणसांच्या यंत्रांनी त्याला 3.1 समजून घेतलं होतं. शिवाय आकडा वाढला म्हणजे माल सुधारला असंही नाही. जून 2024 मध्ये नमपायचं दुसरं व्हर्जन आलं. आकडेमोडीचं हे पॅकेज हजारो पॅकेजांच्या पायाशी आहे, त्यामुळं पहिल्या व्हर्जनवर बांधलेली कितीतरी पॅकेजं एका रात्रीत आडवी झाली. कालपर्यंत चालणारा प्रोग्रॅम, त्यातलं एक अक्षर कुणी बदललेलं नाही, आणि आज बंद.

हे मी एकदा घरी तावातावानं सांगत होते. सासरे नोंदणीच्या कचेरीतून निवृत्त झालेले, पोर्तुगीज कागद वाचणारे. म्हणाले, “सूनबाई, ह्यात नवं काय? आपण आख्खे जुन्या व्हर्जनवर चालतो.”

आणि मग त्यांनी जे सांगितलं ते मी आता वर्गात सांगते. पोर्तुगालचा दिवाणी कायदा 1867 चा. तो 1870 मध्ये गोव्याला लागू झाला. हिंदूंच्या रूढींसाठी 1880 साली वेगळा हुकूमनामा निघाला, म्हणजे मूळ पॅकेजावर स्थानिक ठिगळ. 1961 च्या डिसेंबरात पोर्तुगीज गेले, कायदा राहिला. भारतानं 1962 च्या कायद्यानं तो चालू ठेवला. आणि तिकडं पोर्तुगालनं काय केलं? 1966 साली नवा कायदा करून हा जुना मोडीत काढला. ज्यांनी माल बनवला त्यांनी तो बंद केला, आणि इथं डिचोलीत लग्नाच्या नोंदणीला माणसं अजून दोन वेळा सही करायला जातात. (पहिली सही म्हणजे डाउनलोड, दुसरी म्हणजे इन्स्टॉल. मधल्या दिवसांत दोन्ही घरची माणसं हवालदिल असतात.) पुढं वारसाहक्काचा भाग आपल्या विधानसभेनं नव्यानं लिहिला. 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की मूळ परका असला तरी हा आता भारतीय कायदाच आहे, आणि गोवेकराची मालमत्ता गोव्याबाहेर असली तरी तिचा वारसा ह्याच कायद्यानं ठरेल.

“बघ,” सासरे म्हणाले, “कुठला कायदा, कुठल्या सालचा, कुणाला लागू, हे कागदावर लिहिलेलं होतं म्हणून चाललं. तुमच्या पोरांनी काय लिहिलंय?”

पोरांनी काही लिहिलेलं नसतं. आणि पोरांचं सोडा, पगारी माणसंही लिहीत नाहीत. रिक्वायरमेंट्स नावाची एक साधी फाइल असते, तिच्यात कुठली पॅकेजं लागतात ती एकाखाली एक लिहायची. लोक नावं लिहितात आणि आकडे गाळतात. म्हणजे आज आणलं तर आजचं ताजं, सहा महिन्यांनी आणलं तर तेव्हाचं ताजं, आणि ताजं ते चालेलच असं नाही. व्हेन्व म्हणून दुसरी सोय आहे, 2012 पासून. प्रत्येक कामाला वेगळी खोली, तिचं सामान तिच्यातच. पण खोली बांधायचा कंटाळा. उबुंटू प्रणालीच्या 23.04 व्हर्जनपासून तर मूळ पायथनमध्ये पिपनं सामान ओतायला गेलं की तो दार लावून घेतो आणि खोली बांधा म्हणतो. तरी आत घुसायचंच असेल तर एक पळवाट आहे. तिचं नावच ‘ब्रेक सिस्टिम पॅकेजेस’ असं ठेवलंय. विहिरीवर ‘इथं बुडा’ अशी पाटी लावावी तसं. आणि लोक पाटी वाचून उडी मारतात.

नावांचं म्हणाल तर पेडणे आणि डिचोली दोन्ही ‘नव्या काबिजादी’तले. पोर्तुगिजांनी हे तालुके अठराव्या शतकाच्या अखेरीस घेतले आणि जुन्यांपासून वेगळे ओळखायला त्यांना ‘नवे’ म्हटलं. सव्वादोनशेहून जास्त वर्षं उलटली, आम्ही नवेच. फाइलीला ‘न्यू’ असं नाव देणाऱ्यांनी एकदा आमच्याकडं येऊन जावं.

तेव्हा वाचकहो, तुमच्यापैकी जे कुणी प्रोग्रॅम लिहून भाच्याकरवी, पुतण्याकरवी किंवा थेट मला पाठवता आणि वर ‘आमच्याकडं तर चालतं’ असं कळवता, त्यांना एवढंच सांगणं. रिक्वायरमेंट्सच्या यादीत पॅकेजाच्या नावापुढं बरोबरची दोन चिन्हं काढा आणि आकडा लिहा. कुठल्या पायथनवर चाललं तेही लिहा. मग खुशाल फोन करा. फक्त बुधवारी नको, त्या दिवशी डिचोलीचा बाजार असतो.