नंबर सांगा!

औषधाच्या दुकानात तापाच्या गोळ्यांची एक पट्टी घ्या. पैसे रोख मोजा. तरी काउंटरवरून हुकूम सुटणारच, "नंबर सांगा." तापाला मोबाईल नंबर कशाला लागतो, हे विचारणाऱ्या पोरालाही ठाऊक नसतं. आपण मात्र दहाही आकडे खणखणीत आवाजात म्हणतो. मागचे चौघे ऐकून घेतात, तो बोनस.

मग दुपारी डुलकी लागता लागता कर्ज देणाऱ्यांचा फोन येतो आणि आपण खवळतो, "माझा नंबर यांना दिला कुणी?"

तुम्हीच.

लग्नपत्रिका बघा. वधूपित्याचं नाव, घरचा पत्ता, दोन मोबाईल नंबर, तारीख, मुहूर्त. वर ती व्हॉट्सअॅपवर गावभर. घर नेमकं कोणत्या दिवशी, किती वाजता रिकामं असेल, हे चोरालासुद्धा अगत्याने कळवणारा आपल्याइतका पाहुणचारी समाज दुसरा नसेल.

सोसायटीच्या गेटवरची वही तर खुलं वाचनालय. आपली ओळ भरताना वरच्या पानभर लोकांचे नंबर, आणि कोण कुणाकडे आलं तेही. प्रदर्शनात लकी ड्रॉची कुपनं भरणाऱ्या कुणाला कुकर लागलेला पाहिलाय? फोन मात्र झाडून सगळ्यांना लागतो.

आता स्वतःचा नंबर अवतरणचिन्हांत घालून गूगलवर शोधा. कुठल्याशा शिबिराच्या उपस्थितांची पीडीएफ निघते, जुन्या सोफ्याची जाहिरात निघते. सोफा कधीच गेला, नंबर तिथेच बसलाय.

काढता येतो की! फोन नंबर, ईमेल, पत्ता शोधनिकालांतून हटवण्याचा अर्ज गूगलकडे 2022 पासून करता येतो. पण गूगल फक्त रस्त्यावरची पाटी काढतं, दुकान चालूच. मूळ पान ज्याचं, त्याच्या हातापाया पडणं तुमच्याकडे. आणि ते पान सरकारी नोंदीचं असेल तर गूगल पाटीलाही हात लावत नाही.

ट्रूकॉलरमधूनही नाव काढता येतं. अट एकच, आधी त्यांचं खातं बंद करायचं. म्हणजे लोकांनी मला शोधू नये, पण मला मात्र सगळे दिसावेत, ही आपली लाडकी सोय तिथे मिळत नाही. किती जण बंद करतील?

बरोबर.

सरकार तरी वेगळं काय करतं? वाहन नोंदणी आणि लायसन्सच्या डेटाबेसमध्ये 87 खासगी आणि 32 सरकारी संस्थांना प्रवेश देऊन 65 कोटी रुपये मिळाले, हे 2019 मध्ये संसदेतच सांगण्यात आलं. पुढच्या वर्षी ते धोरण गुंडाळलं. दिलेली माहिती परत आली का, एवढं विचारू नका.

"पण आता डेटा संरक्षणाचा कायदा आलाय ना!" आलाय. 2023 चा, नियम नोव्हेंबर 2025 मध्ये, आणि कंपन्यांवरची मुख्य बंधनं त्यानंतर दीड वर्षाने. बाळाचं बारसं झालं, चालायला वेळ आहे. दंड मात्र घसघशीत, 250 कोटींपर्यंत. तो जाणार सरकारी तिजोरीत. नंबर तुमचा फुटला, मनस्ताप तुम्हाला झाला, पण तुमच्या हाती छदाम नाही. उलट तक्रार खोटी किंवा फालतू ठरली तर तुम्हालाच दहा हजारांपर्यंत दंड.

याच कायद्याने जाता जाता माहिती अधिकारालाही चिमटा काढला. एखादी माहिती 'वैयक्तिक' आहे, एवढ्यावर ती नाकारायची वाट आता बरीच रुंद झाली. साहेबांचं खासगीपण तातडीने सांभाळलं गेलं. त्यासाठी दीड वर्ष थांबायची गरज पडली नाही, बरं का!

आणि बारीक अक्षरातली गंमत: माहिती तुम्ही स्वतःच जगजाहीर केली असेल, तर तिला हा कायदा लागूच नाही. फेसबुकवर "नवीन नंबर सेव्ह करा" असं लिहिणाऱ्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं.

राहता राहिला तो काउंटरवरचा पोरगा. नंबर दिल्याशिवाय बिल नाही, अशी सक्ती दुकानदाराने करायची नाही, हे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने मे 2023 मध्येच बजावलंय. तेव्हा पुढच्या वेळी शांतपणे "देणार नाही" म्हणा. तो म्हणेल, "सिस्टीम पुढे जात नाही." मॅनेजरला बोलवा. मागची रांग खोळंबेल.

खोळंबू द्या.