उन्हाळी बदक-निरीक्षणाची शास्त्रोक्त पद्धती

जर्मनीत पक्षिनिरीक्षणास निघणाऱ्या मराठी कुटुंबाने प्रथम हे ध्यानी घ्यावे की, म्युनिकच्या ईशान्येकडील इस्मानिंगचा जलाशय वीजनिर्मितीच्या सोयीसाठी १९२०च्या दशकात बांधला गेला, लगतच्या तळ्यांत शहराचे सांडपाणी मासे पोसून शुद्ध केले जाई, आणि तरीही १९७६पासून तो रामसर स्थळांत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, मानाने मोडतो.

काळ जुलै-ऑगस्टचा निवडावा, कारण तेव्हा हजारो बदके येथे निर्मोचनासाठी, म्हणजे जुनी पिसे टाकून नवी धारण करण्यासाठी, जमतात. उड्डाणपिसे एकदमच गळत असल्याने त्यांना सुमारे तीन-चार आठवडे उडता येत नाही. शिवाय नरांनी भरजरी वेष उतरवून मादीसारखा तपकिरी पोशाख आधीच चढवलेला असतो. तात्पर्य, जो पक्षी दाखवण्यासाठी पुण्याहून आलेल्या आजी-आजोबांना पहाटे उठवले, तो उडत नाही, रंग दाखवत नाही आणि शक्यतो लव्हाळ्यातून बाहेर येत नाही. ही मोहिमेची अडचण न मानता तिचे प्रयोजन मानावे.

ओळख पटवताना रंगाचा नाद सोडून चोचींची हजेरी घ्यावी. मोठ्या लालसरीचा नर सगळा पोशाख बदलतो, पण चोच लालच ठेवतो. याकामी ८ × ४२ची दुर्बीण, म्हणजे आठपट मोठे दाखवणारी व ४२ मिलिमीटर व्यासाच्या भिंगांची, योग्य ठरते. तीतूनही बदक खसखशीएवढे दिसल्यास जवळ न जाता डोळे बारीक करावेत. बांध सोडून गवतात उतरणे सर्वथा वर्ज्य होय, कारण घाबरलेल्या बदकास उडून जाण्याची सोय नसते आणि उतरणाऱ्यास गोचिडी चिकटतात, ज्यांच्या चाव्यातून मेंदूला सूज आणणारा आजार बव्हेरियात संभवतो.

चिवडा घरूनच डब्यात भरून न्यावा. प्लॅस्टिकच्या पिशवीची पहिली कुरकुर होताच तिपाईवर दुर्बीण रोवून बसलेले स्थानिक ज्येष्ठ गृहस्थ मान न वळवताही तीव्र नापसंती व्यक्त करू शकतात.

“आपल्या नांदूरमधमेश्वरला याहून देखणी असतात,” असे आजींनी म्हटल्यास प्रतिवाद करू नये, कारण नाशिक जिल्ह्यातील त्या पक्षी अभयारण्यात हिवाळ्यात येणारा मोठ्या लालसरीचा नर पूर्ण रंगात असतो, आणि नोंदवहीत ‘बदक, तपकिरी, बहुधा’ एवढेच लिहिलेल्या मंडळींपाशी उत्तर देण्यासारखा पुरावाही नसतो.