स्मरणवर्धक कॉफीपानाचा शास्त्रोक्त विधी

कॉफीचा कप तोंडाला लावण्यापूर्वी साधकाने स्वतःचा स्वभाव निश्चित करावा. व्यक्ती तितक्या प्रकृती, हे आपल्याकडे कुणीही सांगेल. मानसशास्त्रज्ञ हान्स आयझेंक यांनी 1967 मध्ये त्याला मेंदूतले कारण जोडले. अंतर्मुखाचा मेंदू मुळातच जास्त चेतलेला असतो आणि बहिर्मुखाचा कमी, असे त्यांचे म्हणणे. चेतना कमी पडली तर काम रेंगाळते, अति झाली तर बिघडते, एवढे मान्य केले की विधी सोपा होतो: बोलक्याने प्यावी, अबोलाने टाळावी. याला पुरावाही आहे. विल्यम रेव्हेल आणि सहकाऱ्यांनी 1976 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, शाब्दिक चाचणी सोडवताना वेळेची घाई आणि कॅफिन एकत्र आले, तेव्हा अंतर्मुखांची कामगिरी घसरली आणि बहिर्मुखांची सुधारली. हे वाचून बोलकी मंडळी आधण ठेवायला उठली असतील. त्यांनी खाली बसावे, मुहूर्त अजून काढायचा आहे.

कारण 1980 मध्ये रेव्हेल यांच्याच गटाने प्रयोगांची मालिका केली आणि सूत्र फिरले. फरक बोलकेपणाने नव्हे, उतावळेपणाने पडत होता, आणि तोही घड्याळ पाहून: सकाळी कॅफिनने उतावळ्यांना हात दिला आणि संयमींच्या कामात खोडा घातला, संध्याकाळी नेमके उलटे. तेव्हा साधकाने आत्मपरीक्षण करावे. प्रश्न पुरता वाचण्याआधीच ‘अ’चे वर्तुळ काळे करून, मग ‘वरीलपैकी सर्व’ हा पर्याय दिसताच कपाळावर हात मारणारा तो उतावळा. त्याने सकाळी प्यावी. शिवाय हे प्रयोग शाब्दिक चाचण्यांचे होते, पाठांतराचे नव्हेत. चेतना वाढली की लक्ष टिकते, पण तात्पुरते ध्यानात धरायचे काम बिघडू शकते, असा सिद्धांत 1984 मध्ये याच परंपरेतून आला. म्हणजे स्वभाव, वेळ, घाई आणि कामाचा प्रकार, अशा चार गोष्टींची प्रत्येकी दोनच रूपे धरली तरी सोळा मुहूर्त होतात. एवढे पंचांग तोंडपाठ करणाऱ्याला स्मरणशक्तीसाठी कॉफीची गरज उरत नाही.

यावर कुणी म्हणेल, स्वभावाचे राहू द्या, कॅफिनने स्मृती पक्की होते हे तर सिद्धच आहे. 2014 मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या संशोधकांनी लोकांना चित्रे दाखवून झाल्यावर 200 मिलिग्रॅम कॅफिन दिले. दुसऱ्या दिवशी मूळ चित्र आणि तसेच दिसणारे वेगळे चित्र यांतला भेद त्यांना अधिक चांगला कळला, हे खरे. पण ही माणसे नेहमी कॅफिन घेणारी नव्हती, आणि पुढे इतरांनी हाच परिणाम तपासला, तेव्हा तो असलाच तर फार लहान आहे, असे दिसले. दुसरा आक्षेप घराघरांतला: चहा घेतल्याशिवाय डोकेच चालत नाही. बरोबर आहे, पण रोज घेणाऱ्याचे डोके रात्रभर कॅफिन न मिळाल्यानेही जड झालेले असते. सकाळचा कप त्याला बऱ्याच अंशी मूळ पदावर आणतो, आणि या परतीलाच आपण प्रगती समजतो.

आता अखेरचा नियम, याला सोळा पोटकलमे नाहीत. जागेपणी मेंदूत ॲडेनोसिन साचते आणि झोप आणते. कॅफिन त्याच्या जागा अडवते. झोपेची गरज मात्र तशीच राहते. शरीरातले निम्मे कॅफिन उतरायला साधारण पाच तास लागतात, म्हणून रात्री नऊला घेतलेल्या 200 मिलिग्रॅमपैकी शंभरएक मध्यरात्री दोनलाही अंगात असतात. आणि वाचलेले पक्के होण्याचे मोठे काम चालते ते झोपेत. परीक्षेच्या आदल्या रात्री थर्मास भरून बसणारा, उतावळा असो की संयमी, जागरण कमावतो आणि पाठांतर घालवतो. म्हणून विधी असा: कॉफी आवडते म्हणून प्यावी, दुपारनंतर आवरती घ्यावी, आणि धडा लक्षात ठेवायचा असेल तर तो वाचून वेळेवर झोपावे.